त्याला जमलं, मग तुला का नाही?

चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरी, गडचिरोली. यांतल्या कुठल्याही गावच्या अभ्यासिकेत जाऊन बसलात तर एक वाक्य हमखास कानावर पडेल: 'त्याला जमलं, मग तुला का नाही?' मी ते शाळेच्या गॅदरिंगला ऐकलंय, सत्काराच्या भाषणांत ऐकलंय, आता रील्समध्ये ऐकतो. मागे संगीत असतं, पुढे कुणाचा तरी कोटातला फोटो असतो. बोलणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. समोरच्या पोराला उभारी यावी, एवढंच त्याला हवं असतं. तरी मला हे वाक्य वर्षानुवर्षं खटकत आलंय. दिसायला हा प्रश्न आहे, पण विचारणाऱ्यानं त्याचं उत्तर आधीच ठरवलेलं असतं: तू कमी पडलास.

हे वाक्य खरं किती आणि न्याय्य किती, हे पाहायचं तर खऱ्या आयुष्यांवर घासून पाहायला हवं. मी दोन आयुष्यं निवडली. एक गडचिरोली जिल्ह्यातलं, दुसरं चीनमधल्या एका डोंगराळ भागातलं. दोघंही शास्त्रज्ञ, दोघंही गरिबीतून आलेले, आणि दोघांच्याही गोष्टी 'जिद्द' या एकाच शब्दाखाली सांगितल्या जातात.

आधी आपल्याकडचं. डॉ. भास्कर हलामी यांची गोष्ट २०२२च्या नोव्हेंबरमध्ये देशभरच्या वर्तमानपत्रांत आली. कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडी गावच्या आदिवासी कुटुंबातला हा मुलगा तेव्हा अमेरिकेतल्या मेरिलँडमध्ये, सिरनाओमिक्स या औषधसंशोधन करणाऱ्या कंपनीत वरिष्ठ शास्त्रज्ञ होता. काम आरएनए तयार करण्याचं. गावातला पहिला विज्ञान पदवीधर तो, पहिला पदव्युत्तर तो, पहिला पीएचडीही तोच. लहानपणी घरात एका वेळच्या जेवणाची भ्रांत. पावसाळ्यात शेतात काही नाही, हाताला काम नाही. मग मोहफुलं शिजवायची, जी खायला आणि पचायला दोन्हीला जड. नाहीतर आपोआप उगवलेला रानभात गोळा करायचा, त्याच्या पिठाची आंबील पिऊन पोट भरायचं.

बहुतेकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच. मोहफुलं आणि मेरिलँड. या दोन टोकांच्या मधे 'जिद्द' हा शब्द टाकला की पोस्ट तयार होते.

पण त्याच मुलाखतीत हलामी यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. असं जगणारे आम्ही एकटे नव्हतो, गावातली नव्वद टक्के माणसं अशीच जगत होती, असं ते म्हणाले होते. आता जरा थांबून विचार करा. जी भूक गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरात होती, ती एका मुलाच्या यशाचं कारण कशी असेल? भुकेनं माणूस घडतो असं म्हणायचं तर चिरचाडीतून डझनभर शास्त्रज्ञ निघायला हवे होते. जे सगळ्यांच्या वाट्याला आलं, त्यानं एकाचं वेगळेपण सिद्ध होत नाही. साधा तर्क आहे. शाळेच्या प्रयोगवहीतसुद्धा आपण हेच करतो: दोन परीक्षानळ्यांत सगळं सारखं असेल आणि एकीतच रंग बदलला, तर त्या एकीत वेगळं काय पडलं ते शोधतो.

मग हलामींच्या घरात वेगळं काय पडलं? वडील सातवीपर्यंत शिकलेले होते. म्हणजे त्या आधीच्या पिढीत, कुठेतरी, एक शाळा त्यांच्यापर्यंत पोचली होती. शंभरेक किलोमीटरवरच्या कसनसूरला एका शाळेत नोकरी आहे हे त्यांना कळलं आणि ते मिळेल त्या वाहनानं निघाले. ते पोचले की नाही हेही घरी कळायला मार्ग नव्हता. तीन-चार महिन्यांनी परत आले तेव्हा कळलं की शाळेत स्वयंपाक्याची नोकरी लागली आहे. मग सगळं कुटुंब कसनसूरला गेलं.

इथं माझ्या मते या गोष्टीचा खरा सांधा आहे. मुलगा शाळेपर्यंत गेला त्याआधी बाप शाळेच्या पगारपत्रकावर गेला. घरात महिन्याला पैसे यायला लागले आणि घर शाळेच्या दारात गेलं. पहिली ते चौथी तिथल्याच आश्रमशाळेत. मग शिष्यवृत्तीची परीक्षा आणि तिच्या जोरावर यवतमाळ जिल्ह्यातलं केळापूरचं शासकीय विद्यानिकेतन, दहावीपर्यंत. मग गडचिरोलीतल्या महाविद्यालयातून बीएस्सी, नागपूरच्या विज्ञान संस्थेतून रसायनशास्त्रात एमएस्सी. २००३ साली नागपूरच्याच लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत सहायक प्राध्यापक. त्यानंतर अमेरिकेतल्या मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत पीएचडी.

या यादीतल्या पायऱ्या मोजा. आश्रमशाळा, शिष्यवृत्तीची परीक्षा, निवासी विद्यानिकेतन, जिल्ह्याच्या गावी विज्ञानाची पदवी मिळेल असं कॉलेज, सरकारी विज्ञान संस्था, आणि मग एक पगारी पद. लक्ष्मीनारायण संस्था तर १९४२ साली उभी राहिली ती कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रातून ठेवलेल्या पैशातून. स्वतःनंतर कुणीतरी विज्ञान शिकावं म्हणून एक माणूस पैसा ठेवून जातो आणि कैक दशकांनी चिरचाडीचा एक मुलगा तिथं शिकवायला उभा राहतो. यांतली एकही पायरी त्या मुलानं बांधलेली नव्हती. तो चढला, जोर लावून चढला, यात वाद नाही. पण चढायला पायरी लागते.

आता दुसरं आयुष्य. श्वे छीखुन. १९६३ साली शानदोंग प्रांतातल्या मंगयिन जिल्ह्यात, यीमंग डोंगरांच्या गरीब मुलखात जन्म. आज ते चीनमधल्या सगळ्यांत मोठ्या भौतिकशास्त्रज्ञांपैकी एक गणले जातात. २०२४ साली त्यांना अमेरिकन फिजिकल सोसायटीचं बकली पारितोषिक भारतीय वंशाचे अश्विन विश्वनाथ यांच्यासोबत विभागून मिळालं. त्याच वर्षी चीन सरकारचा विज्ञानातला सर्वोच्च सन्मानही मिळाला. त्यांच्याबद्दल दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. पहिली, पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत ते दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा १९८७ साली पास झाले. दुसरी, सकाळी सातला प्रयोगशाळेत यायचं आणि रात्री अकराला निघायचं, यावरून त्यांना 'सात-अकरा प्राध्यापक' असं नाव पडलं. मोटिव्हेशनल व्हिडिओला याहून चांगलं काय हवं?

पण इथंही गाळलेल्या जागा भरून पाहा. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात चीनची राष्ट्रीय विद्यापीठ-प्रवेशपरीक्षा बंद होती, ती १९७७ साली पुन्हा सुरू झाली. श्वे विद्यापीठात गेले १९८० साली. त्याच डोंगरात, तेवढ्याच बुद्धीचा, तेवढ्याच कष्टांचा, पण दहा वर्षं आधी जन्मलेला मुलगा ऐन अठराव्या वर्षी या परीक्षेला बसूच शकला नसता. त्याची जिद्द कुठल्या खात्यात जमा करायची? आणि दोनदा नापास झाल्याचं जे कौतुक होतं, त्या काळात श्वे करत काय होते? १९८४ साली पदवी घेतल्यावर त्यांना छूफूच्या नॉर्मल विद्यापीठात शिकवायचं काम मिळालं होतं. पगार होता, अभ्यासाचं वातावरण होतं. पीएचडीला सात वर्षं लागली, तीही संस्थेनं लागू दिली. मधे जपानच्या तोहोकू विद्यापीठातली उत्तम प्रयोगशाळा मिळाली. सकाळी सात ते रात्री अकरा काम करायला आधी रात्री अकरापर्यंत उघडी असलेली आणि यंत्रं चालू असलेली प्रयोगशाळा लागते.

नापास होऊन पुन्हा उभं राहण्याची गोष्ट आपण स्वभावाचा गुण म्हणून सांगतो. तो गुण आहेच. पण नापास होणं परवडायलाही लागतं. भामरागडकडची बारावी सायन्सची एखादी मुलगी समजा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तिकडचा रस्ता बंद होतो, हे आपण दरवर्षी बातम्यांत वाचतो. ती फिजिक्समध्ये राहिली, तर तिला दुसरा प्रयत्न मिळेल? तिसरा? की घरात लग्नाचं बोलणं सुरू होईल? श्वे यांना तीन प्रयत्न मिळाले आणि तिसऱ्यात जगाला एक भौतिकशास्त्रज्ञ मिळाला. तिला एकच मिळाला, तर तिच्यात काय होतं हे आपल्याला कधी कळणारच नाही. आणि तरी आपण तिला श्वे यांचा फोटो दाखवून विचारणार, त्याला जमलं, तुला का नाही.

श्वे यांनी शोधलं काय, हेही सांगायला हवं, कारण माझ्या प्रश्नाचा एक धागा तिथंच सापडतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राच्या परिसरातून निघणारी एक लाईन सुमारे साडेसातशे किलोमीटरवर, मुंबईच्या उंबऱ्याशी असलेल्या पडघ्याला जाते. एवढ्या लांबच्या तारेत थोडी वीज उष्णता होऊन वाया जातेच. कारण तारेतले इलेक्ट्रॉन वाटेत आदळतात, विखुरतात, मागे फेकले जातात. याला आपण रोध म्हणतो. १९८० साली क्लाउस फॉन क्लिट्झिंग या जर्मन शास्त्रज्ञाला एक विलक्षण गोष्ट दिसली आणि पुढे तिचा अर्थ उलगडला. पदार्थाचा अतिशय पातळ थर खूप थंड करून जबरदस्त चुंबकीय क्षेत्रात ठेवला, तर आतून वीज वाहत नाही, फक्त कडेनं वाहते, आणि तीही एकाच दिशेनं. उलट येणारी लेनच नसते. त्यामुळे अडथळा आला तरी इलेक्ट्रॉनला मागे वळता येत नाही, तो वळसा घालून पुढेच जातो. पण त्यासाठी बाहेरून अवाढव्य चुंबक लावावा लागायचा. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र नसतानाही असं घडू शकेल, असं डंकन हॉल्डेन यांनी १९८८ साली कागदावर दाखवलं. २०१० साली बीजिंग आणि स्टॅनफर्डच्या सैद्धांतिकांनी त्यासाठी बिस्मथ आणि टेल्युरियमच्या कुळातले पदार्थ सुचवले, त्यांत क्रोमियमसारख्या धातूचे अणू मिसळून. मग श्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नमुन्यांमागून नमुने तयार केले, हजारावर. २०१२च्या अखेरीस, सुमारे पाच नॅनोमीटर जाडीच्या थरात, निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, त्यांना तो परिणाम स्पष्ट दिसला. २०१३च्या मार्चमध्ये शोधनिबंध 'सायन्स'मध्ये आला. त्याच्या लेखकांत पहिलं नाव श्वे यांचं नाही, छांग त्सुईचू या तरुण संशोधकाचं आहे.

मला यात सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट ही वाटते: त्या थराच्या कडेनं बिनरोध धावणारा इलेक्ट्रॉन काही खास नसतो. विश्वातले सगळे इलेक्ट्रॉन तंतोतंत सारखे असतात. चंद्रपूरच्या बल्बमधला आणि बीजिंगच्या त्या थरातला, दोघांत फरक करायला कुठलंच साधन नाही. एक आदळत, तापत जातो आणि दुसरा विनासायास जातो, तो फरक इलेक्ट्रॉनचा नाही. तो संपूर्ण पदार्थाच्या आतल्या रचनेचा आहे. कडेवर जे सहज घडताना दिसतं, त्याचं कारण आत, सगळ्या थरात पसरलेलं असतं.

माणसं इलेक्ट्रॉन नाहीत, हे मला कळतं. माणसं एकसारखी नसतात. त्यांना इच्छा असते, आळस असतो, हट्ट असतो. हलामींचे वडील कसनसूरला निघाले नसते तर पुढचं काहीच झालं नसतं, आणि निघणं हा त्यांचा निर्णय होता. म्हणूनच प्रश्न अवघड होतो. कष्टांना काहीच श्रेय नाही असं म्हटलं, तर त्या बापाचा अपमान होतो. सगळं श्रेय कष्टांना दिलं, तर चिरचाडीतल्या बाकीच्या घरांचा अपमान होतो.

तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली आलेल्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या ग्रंथात यावर एक अस्वस्थ करणारा मुद्दा मांडला. बुद्धी जन्मानं मिळते, ती कमावलेली नसते, हे बरेच जण मान्य करतील. पण रॉल्स म्हणतात की प्रयत्न करायची तयारीसुद्धा बऱ्याच अंशी घर आणि परिस्थितीतून येते. प्रयत्न केला तर काहीतरी होतं, हा विश्वास ज्या घरात एकदा तरी खरा ठरलेला असतो, त्या घरातलं मूल प्रयत्न करतं. सातवी शिकलेल्या बापाला शिक्षणानं नोकरी मिळाल्याचं ज्यानं पाहिलं, त्याला अभ्यासाचा अर्थ आयता कळतो. ज्यानं पाहिलं नाही, त्याच्याकडून आपण केवळ कष्ट मागत नाही, पुराव्याशिवायची श्रद्धा मागतो. त्याच्याही आधी, १९५८ साली, मायकेल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं 'मेरिटॉक्रसी' हा शब्द एका उपरोधिक पुस्तकातून रूढ केला. इशारा हा होता की गुणवत्तेच्या नावानं चालणाऱ्या समाजात खाली राहिलेल्याला नुसतं कमी मिळत नाही, तर 'तुझी लायकीच तेवढी' असंही ऐकावं लागतं. आज आपण तोच शब्द अभिमानानं वापरतो.

यावर माझा एक मित्र नेहमी म्हणतो, 'हे सगळं पोरांना सांगितलंस तर ती हातपाय गाळतील. परिस्थितीच्या नावानं खडे फोडत बसतील.' हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पुस्तक घेऊन बसलेल्या पोराला त्या क्षणी रॉल्सचा उपयोग नसतो, जिद्दीचा असतो.

पण मला वाटतं इथं दोन वेगळ्या नजरा आहेत आणि आपण त्यांची अदलाबदल करतो. माणूस स्वतःच्या आयुष्याकडे बघतो तेव्हा प्रश्न असतो 'आता मी काय करू शकतो?' तिथं परिस्थिती कितीही वाईट असली तरी उरलेल्या फटीकडे बघावंच लागतं. तिथं 'प्रयत्नांती परमेश्वर' हे खरंच उपयोगाचं आहे. दुसऱ्याच्या आयुष्याकडे बघताना प्रश्न हवा 'याला काय मिळालं नाही?' आपण मात्र उलटं करतो. स्वतःचा पेपर अवघड गेला की लोडशेडिंग आठवतं, बस चुकलेली आठवते, क्लास लावता आला नाही हे आठवतं. शेजारच्याचा गेला की त्याचा मोबाईल आठवतो. 'मला जमेल' हे वाक्य म्हणून चांगलं आहे. 'त्याला जमलं, मग तुला का नाही' हे दिसतं त्याचंच भावंड, पण तोंड दुसरीकडे आहे. पहिलं माणूस स्वतःला म्हणतो. दुसरं त्याला कुणीतरी वरून म्हणतं. आणि वरून म्हणणाऱ्याची एक सोय त्यात होते: प्रश्न पोरावर टाकला की पायरीची चौकशी करावी लागत नाही.

बाबासाहेबांचं उदाहरण आपल्याकडे सतत दिलं जातं आणि बरेचदा तेही याच वाक्यासाठी वापरलं जातं. त्यांची बुद्धी आणि त्यांचे कष्ट यांबद्दल बोलायलाच नको. पण १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी त्यांच्या मागे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती, आणि ती ते कधी विसरले नाहीत. पुढे त्यांनी केलं काय? 'मला जमलं, मग तुम्हाला का नाही' असं म्हणून ते थांबले नाहीत. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. वर पोचलेल्या माणसानं मागे वळून काय करायचं, याचं माझ्या मते हे सगळ्यांत स्पष्ट उत्तर आहे. आपलं उदाहरण देण्यापेक्षा पायरी बांधून देणं जास्त खर्चिक आणि जास्त प्रामाणिक असतं.

म्हणून मला तो प्रश्न टाकून द्यायचा नाही, फक्त एक शब्द बदलायचा आहे. 'त्याला जमलं, मग तुला का नाही'च्या जागी 'त्याला कशामुळे जमलं?' विचारून पाहा. लगेच उत्तरं ठोस होतात. कारण मग उत्तरात जिद्द येते, पण एकटी येत नाही. तिच्यासोबत शिष्यवृत्तीची परीक्षा येते, वसतिगृह येतं, प्रयोगशाळेतला चालू असलेला तराजू येतो, पावसाळ्यात उघडा राहणारा रस्ता येतो, नापास झाल्यावरचं एक वर्ष येतं. आणि ही यादी हातात आली की आपल्या तालुक्यात यांतलं काय आहे, काय नाही, हे कुणालाही तपासता येतं. त्यासाठी प्रतिभावंत असावं लागत नाही. नागरिक असलं की पुरतं.

हलामींच्या गोष्टीतली मला सगळ्यांत न विसरता येणारी व्यक्ती शास्त्रज्ञ नाही. ती आहे शंभर किलोमीटर दूर गेलेला, शाळेच्या पोरांसाठी रोज भात शिजवणारा माणूस. त्याला ती नोकरी मिळाली, कारण कसनसूरला एक शाळा होती आणि त्या शाळेत स्वयंपाक्याची जागा कुणीतरी मंजूर केली होती. ज्यानं ती मंजूर केली, त्याला कुठे ठाऊक असणार की आपण आरएनएच्या संशोधनासाठी सही करतोय? पण करत होता. आज गडचिरोलीतल्या आश्रमशाळांमध्ये अशा जागा भरलेल्या आहेत का, हा प्रश्न कुठल्याच रीलमध्ये विचारला जात नाही. पुढचा शास्त्रज्ञ हवा असेल, तर सुरुवात त्या प्रश्नापासून करावी लागेल.